बेकाराच्या दारातला तगादा

सकाळी सात ते नऊच्या सुमारास इंदिरानगरच्या बोगद्यातून जो एकदा गेला असेल, त्यास आमचे नाशिक शहर कशावर चालले आहे हे निराळे सांगावयास नको. महामार्गाच्या एका अंगास घरे. दुसऱ्या अंगास सिडकोची वस्ती व तिच्या पलीकडे अंबडचे कारखाने. ह्या दोहोंमध्ये त्या अरुंद भुयारातून दुचाक्यांची जी न तुटणारी रांग सरकत असते, तिच्यातील प्रत्येकाच्या पाठीवरील पिशवीत डबा आणि डोक्यात महिन्याचा हिशेब असतो. ह्या रांगेतून रोज एखादा मनुष्य गळतो. कोणाची कंत्राटाची मुदत संपते, कोणाच्या कारखान्यास माल कमी मागितला जातो, कोणाच्या जागी नवे यंत्र येते. रांगेस त्याची चाहूलही लागत नाही. परंतु त्या मनुष्याच्या घरी पुढील तीन महिन्यांत काय घडते, हा विषय आमच्या समाजात उघडपणे बोलला जात नाही, आणि म्हणूनच आज त्याविषयी चार शब्द स्पष्ट लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

समजा, एका गृहस्थास महिना बावीस हजार रुपये पगार आहे. घराचा हप्ता ९,२०० रुपये, दुचाकीचा २,९००, शीतकपाट व मोबाइल मिळून २,१००, आणि पत्नीने महिलांच्या गटातून उचललेल्या रकमेचा १,८०० रुपये. एकूण १६,००० रुपये. उरलेल्या सहा हजारांत किराणा, वीज, मुलांची शाळा आणि आईचे औषध. ही मांडणी मूर्खपणाची आहे असे वाचक म्हणतील. आहेच. परंतु ती एकट्या घेणाऱ्याच्या मूर्खपणाची नव्हे. गटकर्ज घेणाऱ्या कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम सर्व कर्जांच्या हप्त्यांत जाऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये फर्माविले होते. आमच्या ह्या कल्पित घरी निम्म्याऐवजी शेकडा त्र्याहत्तर जात आहेत. देणाराने विचारले नाही, घेणाराने सांगितले नाही, आणि दोघांनीही पगार अक्षय आहे असे धरून सही केली.

आता पगार थांबला. पहिल्या महिन्यात पत्नीच्या बांगड्या गहाण पडतात व हप्ते वेळेवर जातात. दुसऱ्या महिन्यात मेहुण्याकडून उसने. तिसऱ्या महिन्यात तो मोबाइलवरील एका अ‍ॅपातून पाच हजार घेतो. हातात पडतात साडेतीन हजार, कारण उरलेले ‘प्रक्रिया शुल्क’ म्हणून आधीच कापलेले असतात. आणि सातव्या दिवशी पाच हजार परत द्यावयाचे असतात. म्हणजे साडेतीन हजारांवर आठवड्यास दीड हजार, शेकडा सुमारे त्रेचाळीस! पूर्वी मुंबईच्या गिरण्यांच्या दारात पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण सावकार रुपयास महिना एक आणा, म्हणजे शेकडा सव्वासहा घेत असे, आणि तेवढ्यानेच तो निर्दयतेचा पुतळा ठरला होता. आजच्या ह्या अदृश्य सावकाराच्या शेजारी तो धर्मात्मा शोभेल.

ह्या पुढे जे सुरू होते त्यास आमच्या भाषेत फार जुना शब्द आहे: तगादा. एल्फिन्स्टनसाहेबांनी पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात ह्या तगाद्याच्या पायऱ्या वर्णिल्या आहेत. नुसते मागणे, दारात धरणे धरून बसणे, ऋणकोवर पहारा बसवून त्यास जेवू न देणे, आणि अखेरीस डोक्यावर धोंडा देऊन त्यास भर उन्हात एका पायावर उभे करणे. १८६० च्या दंडसंहितेने धरणे धरून बसणे हा गुन्हा ठरविला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला करून त्यांचे रोखे व वह्या जाळल्या, तेव्हा सरकार जागे झाले. १८७९ च्या दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षक कायद्याने रोख्यामागचा खरा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयास दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्यास तुरुंगात घालणे बंद केले. शहरातील मजुराची पाळी त्यानंतर पन्नास वर्षांनी आली. १९३१ साली कामगारविषयक शाही आयोगाने कारखान्याच्या दारात वसुलीसाठी घिरट्या घालणे हा गुन्हा ठरवावा अशी शिफारस केली. बंगालने १९३४ साली तसा कायदा केला आणि आमच्या नागपूरकडील मध्यप्रांताने १९३७ साली ऋणकोच्या छळास शिक्षा लावली. हा इतिहास आम्ही पांडित्य मिरविण्यासाठी सांगत नाही. आज वसुलीवाला दारात येऊन मोठ्याने बोलतो तेव्हा आपण एखाद्या नव्या व अटळ शक्तीपुढे उभे आहोत असे त्या घरातील माणसांस वाटते. ती शक्ती नवी नाही, आणि तिला ह्या देशात अनेकवार वेसण घातली गेली आहे, एवढेच दाखवावयाचे आहे.

नवी आहे ती एकच गोष्ट, आणि ती वाचकांनी नीट लक्षात घ्यावी अशी आमची विनंती आहे. काठीवाला पठाण गिरणीच्या दारात उभा राही. मजूर घरी गेला म्हणजे निदान रात्र त्याची होती. आजचा तगादा मोबाइलमधून येतो, आणि नोकरीचे बोलावणेही त्याच मोबाइलमधून येते. बेकार मनुष्याने दहा ठिकाणी अर्ज टाकलेले असतात. अनोळखी क्रमांकावरून घंटा वाजली की ती नोकरीची की वसुलीची हे त्यास कळण्यास मार्ग नसतो. पहिले काही दिवस तो प्रत्येक फोन घेतो व शिव्या खातो. मग तो अनोळखी क्रमांक घेणे सोडतो. मग क्रमांकच बदलतो. आणि ज्या क्रमांकावर अंबडच्या एखाद्या कारखान्यातून ‘उद्या सकाळी या’ असा निरोप यावयाचा होता, तो क्रमांक बंद असतो. इतके करूनही वसुलीवाला थांबत नाही. तो मेहुण्यास, शेजाऱ्यास, जुन्या कारखान्यातील साहेबास फोन करितो. ज्या साहेबाने त्याच्याविषयी एक चांगला शब्द दुसरीकडे टाकावयाचा, त्याच्याच मनात किल्मिष शिरते. ज्या मनुष्याने कमावावे तेव्हाच आपले पैसे परत येणार आहेत, त्याची कमावण्याची वाट धनको स्वहस्ते अडवितो. याला आम्ही वसुली म्हणण्यास तयार नाही.

कायदा काय म्हणतो? रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बँका व वित्तसंस्था यांस बजाविले की, थकलेल्या कर्जासाठी सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करू नये. धमकी, शिवीगाळ, चारचौघांत मानहानी करू नये. कुटुंबीय, मित्र वा हवाला दिलेल्या व्यक्ती यांच्या खासगीपणात शिरू नये. महिलांच्या गटकर्जासाठी हीच वेळ त्याच वर्षीच्या मार्चमधील आदेशात सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी आणखी आकुंचित होती. अ‍ॅपवरील कर्जाबाबत २ सप्टेंबर २०२२ रोजी असे ठरविले की, ऋणकोच्या मोबाइलमधील नावांची यादी, फोनची नोंद व छायाचित्रे यांस अ‍ॅपाने हात लावू नये. दंडाच्या व्याजावर व्याज चढविण्याची चाल ऑगस्ट २०२३ मध्ये बंद करण्यास सांगितले. वसुलीवाला बाहेरच्या कंपनीचा असला तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच राहते. आणि खासगी सावकार, ज्यास परवानाच नाही, त्यास महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करावयाची असते, हे आमच्या शहरातील किती लोकांस ठाऊक आहे?

धमक्यांपैकी जी सर्वांत अधिक चालते ती पोलिसांची. ‘उद्या गाडी येईल व तुम्हांला घेऊन जाईल.’ हप्ता थकणे हा स्वतः होऊन गुन्हा नव्हे. ते दिवाणी देणे होय. केवळ दारिद्र्यापायी देणे फेडता आले नाही म्हणून कोणास तुरुंगात टाकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच दिला आहे. तथापि येथे आम्ही अर्धे सत्य सांगून वाचकांस फसवू इच्छित नाही. दिलेला धनादेश वटला नाही, किंवा खात्यातून हप्ता आपोआप कापून घेण्याची जी लेखी परवानगी दिलेली असते ती पैशाअभावी परत गेली, तर त्यासंबंधी फौजदारी खटला होऊ शकतो व न्यायालयाची खरी नोटीस आल्यास ती फेकून देता कामा नये. घर तारण असेल तर नव्वद दिवस हप्ता थकल्यावर कर्ज बुडीतांच्या यादीत जाते आणि त्यानंतर साठ दिवसांची नोटीस देऊन बँकेस घराचा ताबा घेण्याची वाट मोकळी होते. हे दिवस मोजावयाचे असतात, झोपून काढावयाचे नसतात. भीती खोट्या गोष्टीची बाळगू नये आणि खऱ्या गोष्टीकडे डोळेझाक करू नये.

ह्याच ठिकाणी १९०८ च्या दिवाणी कार्यपद्धतीतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. हुकूमनामा झाल्यावरही ऋणकोची भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीस अंगावेगळे करिता येत नाहीत असे अलंकार जप्त करिता येत नाहीत. पगारातील पहिले एक हजार रुपये व उरलेल्याचे दोन तृतीयांश जप्तीपासून मुक्त असतात. म्हणजे आमच्या त्या बावीस हजारांच्या गृहस्थाच्या पगारातून न्यायासनावर बसलेला न्यायाधीशही सावकारासाठी सात हजारांहून अधिक काढू शकत नाही. आणि तोच गृहस्थ स्वतःच्या सहीने सोळा हजार देऊन बसला होता! कायद्यास मनुष्याच्या पोटाची जितकी चिंता आहे तितकी कर्ज देणारास नव्हती, व खेदाने म्हणावे लागते की घेणारासही नव्हती.

आमचे व्यापारी वाचक येथे एक आक्षेप घेतील, व तो क्षुल्लक नाही. ते म्हणतील, ‘पैसे घेताना गोड आणि देताना कायदे, असे झाले तर उधारीचा व्यवहार चालेल कसा?’ देणे फेडावे, हे आम्ही कोणाहीपेक्षा कमी आग्रहाने सांगत नाही. ऐपत असून बुडविणाऱ्याची आम्हांस यत्किंचितही कीव नाही. परंतु व्यापाऱ्यांनीच आपल्या वहीस विचारावे. ज्याचे दुकान जळाले किंवा ज्याच्या घरी आजारपण आले अशा जुन्या गिऱ्हाइकाची उधारी आपण कशी वसूल करिता? त्याच्या दारात दंगा घालून, की दोन महिने थांबून? शहाणा दुकानदार थांबतो, कारण गिऱ्हाईक बुडाले तर उधारी बुडतेच, शिवाय गिऱ्हाईकही जाते. आमच्या जुन्या शास्त्रकारांनी दामदुपटीचा नियम घालून व्याज मुद्दलाच्या पुढे जाऊ दिले नाही, तेही सावकारी मोडण्यासाठी नव्हे. ऋणको जिवंत राहिला तरच सावकारी चालते हे त्यांस कळत होते.

आमची सूचना अगदी साधी आहे. ज्याची नोकरी त्याच्या दोषावाचून गेली, त्यास नोकरी गेल्याचा कागद दाखविल्यावर तीन महिने हप्त्यांची सूट मिळावी. व्याज चालू राहावे. मुदत तेवढी वाढावी. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. २७ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने टाळेबंदीमुळे सर्व देशास तीन महिन्यांची अशी सवलत देऊ केली, ती पुढे ३१ ऑगस्टपर्यंत वाढविली, आणि त्या काळातील व्याजावर व्याज घेऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये सांगितले. त्याने देशातील बँका बुडाल्या नाहीत. ज्या मनुष्याचा कारखाना त्याच्यापुरता बंद झाला, त्याची टाळेबंदी एकट्याची असते एवढाच फरक. आणि एकट्याची म्हणून ती अधिक हलकी असते असे नव्हे. त्याचप्रमाणे २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्यात अतिगरीब ऋणकोस लहानसहान देण्यांतून मोकळे करून नव्याने आरंभ करू देण्याचे एक प्रकरण लिहिले गेले. मोठमोठ्या कंपन्यांसाठी त्या कायद्याची चाके लगोलग फिरू लागली. गरिबाचे ते प्रकरण मात्र वर्षानुवर्षे कागदावरच पडून राहिले. ह्याचे कारण आम्हांस कोणी समजावून द्यावे.

बेकाराकडे पाहिले तर सरकारची तऱ्हाही अशीच विचित्र दिसते. खेड्यातील अंगमेहनत करणाऱ्यास कामाची हमी देणारा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला व त्याचे अनुकरण पुढे साऱ्या देशाने केले. त्याचा आम्हांस अभिमान आहे. शहरातील बेकारास तशी हमी त्या कायद्याने दिली नाही. ज्याचा कामगार विमा कापला जात होता त्यास २०१८ पासूनच्या अटल योजनेत नव्वद दिवसांपर्यंत भत्ता मिळण्याची सोय झाली व २०२० साली तो सरासरी मजुरीच्या निम्मा करण्यात आला. परंतु ती योजना मुदत वाढवून वाढवून चालविली गेली असल्यामुळे चालू स्थिती विमा कार्यालयातच विचारावी लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने छाटणी झालेल्या कामगारास नवे कसब शिकण्यासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम देण्याची तरतूद केली. उत्तम! परंतु ठराविक मुदतीच्या नोकरीची मुदत संपली म्हणून जो घरी गेला, त्याची कायद्याच्या भाषेत ‘छाटणी’ झालेलीच नसते. औद्योगिक वसाहतींतून हल्ली असेच कामगार वाढत चालले आहेत, त्यांनी हा लाभ वर्तमानपत्रात वाचावयाचा आणि घडी घालून ठेवावयाचा.

आता दोन शब्द खुद्द बेकार गृहस्थांस. तुमचा पहिला शत्रू वसुलीवाला नव्हे, लपवाछपवी होय. नोकरी गेल्यावर कित्येकजण पंधरा-पंधरा दिवस डबा घेऊन घराबाहेर पडतात आणि दिवस कुठल्या तरी बागेत काढतात. घरी कळू देत नाहीत. त्या पंधरा दिवसांत पत्नी नेहमीप्रमाणे खर्च करीत राहते आणि हातची शिल्लक संपते. पहिल्या संध्याकाळीच घरात सांगावे, वही घेऊन बसावे, आणि देणी तीन भागांत मांडावीत: ज्यामागे घर तारण आहे ती, ज्यावाचून काम मिळणार नाही अशा दुचाकीसारख्या वस्तूची, आणि बाकीची. सर्वांस थोडे थोडे देऊन सर्वांचे थकविण्यापेक्षा पहिली दोन सांभाळावीत. बँकेस हप्ता थकण्यापूर्वी लेखी कळवावे, पोच घ्यावी. थकल्यावर केलेल्या विनंतीस निम्मी किंमत असते. जुने देणे फेडण्यासाठी अ‍ॅपाचे नवे कर्ज घेऊ नये. भविष्यनिर्वाह निधीतील पैसे काढल्यास ते लग्नकार्यात वा नातलगांपुढे अब्रू राखण्यात घालवू नयेत. अनोळखी फोन घेण्यासाठी दिवसाचा एक तास ठरवावा, घरातील दुसऱ्या कोणाजवळ एक वेगळा क्रमांक ठेवून तोच नोकरीच्या अर्जावर लिहावा. आणि जो दलाल नोकरी लावण्यासाठी आगाऊ अनामत मागतो, त्याच्याकडे पाठ फिरवावी. तोही ह्या वसुलीच्याच जातीचा.

छळाची नोंद ठेवावी: तारीख, वेळ, क्रमांक, शब्द. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत उत्तर न आल्यास, किंवा आलेले उत्तर पटले नाही तर, रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. चौकशीस १४४४८ हा क्रमांक आहे. अ‍ॅपवाला छायाचित्रे विद्रूप करून नातलगांस पाठवू लागला तर तो सावकारीचा प्रश्न उरत नाही. १९३० वर व पोलीस ठाण्यात त्याच दिवशी जावे. तडजोडीसाठी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरण व लोकअदालत आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार यांस तेथे वकील फुकट मिळतो.

त्या वसुलीवाल्या पोराविषयीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. शिव्या देणारा तो बहुधा वीस-बावीस वर्षांचा, कोठे नोकरी न मिळालेला, वसुलीवर मिळणाऱ्या टक्केवारीवर जगणारा मुलगा असतो. एका बेकारास दुसऱ्या बेकाराच्या अंगावर सोडून मधला पैसा तिसरा खातो. त्याच्यावर संतापण्यात आमचा वेळ दवडू नये. त्यास कोणी नेमले, त्याच्या हाती ती नावांची यादी कोणी दिली, हे विचारावे, आणि तक्रार त्या नेमणाऱ्याच्या नावाने करावी.

राहता राहिला प्रश्न आमच्या नगराचा. इंदिरानगरातील नगरसेवकांस व व्यापाऱ्यांस आमचे एकच मागणे आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, कामावरून माणसे परतण्याच्या वेळी, महापालिकेच्या एखाद्या सभागृहात एक टेबल मांडावे. एका बाजूस विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, दुसऱ्या बाजूस रोजगार मार्गदर्शन केंद्राचा मनुष्य, आणि ज्यांस हिशेब येतो असा एक निवृत्त बँक कर्मचारी. अशी माणसे ह्या वस्तीत गल्लोगल्ली आहेत. येणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये, छायाचित्र काढू नये, पुढाऱ्याचा फलक लावू नये. आणि ज्या दुकानदारास मदतनीस हवा आहे, ज्या कारखानदारास दहा दिवसांपुरता हात हवा आहे, त्याने ती गरज तेथे चिठ्ठीवर लिहून द्यावी. उमेदवारावर कर्ज आहे का, हे विचारू नये.